मैत्रीला मैदान लागतं

वरठीचं स्टेशन वरठीतच आहे, पण पाटीवर नाव 'भंडारा रोड'. हावडा-नागपूर मार्गावरच्या गाड्या इथे थांबतात, प्रवासी उतरतात आणि ऑटोत बसून भंडाऱ्याकडे निघून जातात. वरठीत मुक्काम टाकतात ते कामाला आलेले. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना उभा राहिल्यापासून मोहाडी तालुक्यातल्या या गावाला परप्रांतातल्या माणसांची सवय झाली आहे. एका पाळीत भट्टीजवळ उभे राहिलेले दोन गडी महिनाभरात एकमेकांच्या डब्यात हात घालतात. भाषा निराळी, सण निराळे, पण पाळी एक. परक्याशी मैत्री कशी होते, हे वरठीला कोणी शिकवायची गरज नाही.

हीच माणसं परदेशी सहलीला गेली की मात्र काहीतरी अडतं. भंडारा, तुमसर, गोंदिया या भागातूनही आता माणसं युरोप बघून येतात. परत आली की आठ दिवस फोटो दाखवणं चालतं. नॉर्वेचे फ्योर्ड, मध्यरात्रीचा सूर्य, कोपनहेगनची जलपरी. सगळं बघून झाल्यावर विचारावं, "तिथल्या कोणाशी ओळख झाली का?" उत्तर ठरलेलं असतं: "लोक चांगले आहेत हो, पण बोलत नाहीत."

स्कँडिनेव्हियातली तरुण मंडळी बोलत नाहीत, ही तक्रार एका अर्थाने खरी आहे. पण याच विदर्भातून काही पोट्टे त्याच देशांत गेले, त्यांच्याकडे ना धड इंग्रजी होतं ना खिशात पैसे, आणि तरी त्यांचं तिथल्या पोरांशी जमलं. ते कसं, हे या लेखात बघायचं आहे.

बसच्या काचेतून

आधी सहलीबद्दल. मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखवण्याचं मोठं काम सहल कंपन्यांनी केलं, हे मान्य करायलाच हवं. १९८४ साली सुरू झालेली केसरी, २०१३ साली निघालेली वीणा वर्ल्ड, यांनी इंग्रजीला बिचकणाऱ्या काका-काकूंना थेट उत्तर ध्रुवाच्या दिशेने नेलं. व्हिसा, हॉटेल, जेवण, सगळी चिंता दुसऱ्याने वाहिली. हे उपकार लहान नाहीत.

पण त्या सोयीची एक किंमत असते. आपली बस, आपला टूर मॅनेजर, आपलं जेवण, आपल्या भेंड्या. स्टॉकहोमला आपण वासा जहाज बघतो. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ साली समुद्रतळातून वर काढलेलं ते अवाढव्य लाकडी जहाज बघून थक्क होतो. ऑस्लोच्या उद्यानात विगेलँडची दोनशेच्या वर शिल्पं बघतो. या सगळ्यात स्थानिक माणूस भेटतो तो तिकीट फाडणारा, कॉफी देणारा किंवा बस चालवणारा. त्याला आपल्याशी बोलायचं कारण नसतं आणि आपल्यालाही त्याची गरज पडत नाही. चाळीस माणसांचा गट स्वतःत पूर्ण असतो. पूर्ण गटाला मित्र लागत नाहीत.

म्हणजे दोष ना त्या पोरांच्या स्वभावात आहे ना आपल्या इंग्रजीत. एकत्र करायला कामच नसेल तर बोलणार काय?

नगरभवनासमोरचा फुटबॉल

आता दुसरी सहल बघा. २००१ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' निघालं. पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ आले. क्रीडा विकास संस्थेच्या छत्राखालचं हे काम पुढे 'स्लम सॉकर' या नावाने जगाला माहीत झालं. २०१६ साली त्याला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ साली आला तो याच गोष्टीवर.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गोष्ट जुळत होती. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांच्या एका परिषदेनंतर स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हॅराल्ड श्मीड गप्पा मारत बसले होते. बेघर माणसांना एकत्र आणणारी भाषा कोणती? उत्तर निघालं, फुटबॉल. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझला पहिला 'होमलेस वर्ल्ड कप' झाला. पुढच्याच वर्षी ही स्पर्धा स्वीडनच्या गोथेनबर्गला गेली. २००७ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनला नगरभवनासमोरच्या चौकात ४८ संघ उतरले. २०१७ साली आणि पुन्हा २०२५ साली नॉर्वेची राजधानी ऑस्लो. स्कँडिनेव्हियाच्या तिन्ही देशांनी ही स्पर्धा आपल्या अंगणात घेतली. भारताचे संघ या स्पर्धेत जातात ते स्लम सॉकरच्या मार्फत, म्हणजे नागपूरच्या मातीतून. २०१० साली रिओला भारताचा कर्णधार होता नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल. त्याची कहाणी पुढे 'सत्यमेव जयते'मधून घराघरांत पोचली.

या स्पर्धेचे नियम नीट बघितले तर ते मैत्रीसाठीच केले आहेत असं वाटावं. मैदान जेमतेम २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका बाजूला गोलरक्षक धरून चार खेळाडू. सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढ्याशा जागेत कोणी कोपऱ्यात उभं राहून वेळ काढू शकत नाही. बाद होऊन कोणी दुसऱ्या दिवशी घरी जात नाही. हरणारे संघही खालच्या गटात शेवटच्या दिवसापर्यंत खेळत राहतात. आणि सगळ्यात मोठा नियम: एका खेळाडूला आयुष्यात एकदाच संधी. त्यामुळे इथे मुरलेले, नावाजलेले, फुकट मिरवणारे खेळाडू नसतात. जो येतो तो नवखाच.

आता समोरचा संघ कोणाचा आहे ते बघा. डेन्मार्कच्या संघामागे 'ओम्बोल्ड' ही बेघरांच्या फुटबॉलसाठी काम करणारी संस्था. नॉर्वेत साल्व्हेशन आर्मीचं रस्त्यावरचं फुटबॉल. संघात कोण असतं? व्यसनातून बाहेर पडू बघणारी पोरं, घर सुटलेली, आश्रय मागून त्या देशात आलेली, रस्त्यावर वर्तमानपत्र विकून गुजराण करणारी. डेन्मार्कच्या 'हुस फोर्बी' किंवा गोथेनबर्गच्या 'फाक्टुम' या पत्रांचे विक्रेते हे त्याच दुनियेतले.

नागपूरच्या झोपडपट्टीतून गेलेल्या पोराच्या डोक्यात युरोप म्हणजे सिनेमातला युरोप असतो. तिथे पोचल्यावर कळतं, की जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एका देशाचा गोरा, उंच पोरगाही मध्यरात्री बाकावर झोपलेला आहे. त्याच्याकडे सरकारी मदत आहे, दवाखाना आहे, पण घरचं कोणी नाही. याच्याकडे दहा बाय दहाची खोली आहे आणि त्यात सात माणसं. कोणाचं दुःख मोठं, हा हिशेब तिथे कोणी मांडत नाही, कारण पाच मिनिटांनी सामना असतो. पण ही बरोबरी एकदा दिसली, की मग कोणी कोणाची कीव करत नाही. कीव संपली की मैत्रीला जागा होते.

ऑस्लोच्या ज्या नगरभवनासमोर ही स्पर्धा रंगली, त्याच इमारतीत दर १० डिसेंबरला नोबेल शांतता पुरस्कार दिला जातो. २०१४ साली कैलाश सत्यार्थी आणि मलाला यांनी तो तिथेच घेतला. आत शांततेवर भाषणं होतात. बाहेरच्या चौकात चार गडी इकडे, चार गडी तिकडे, आणि सामना संपला की जर्सीची अदलाबदल. दोन्हीची गरज आहे, पण मला दुसरी पद्धत जास्त पटते.

त्यांचं अबोलपण समजून घेताना

मैदानाबाहेर गेल्यावर मात्र स्वभाव आड येतो. तो समजून घेतला नाही तर आपण उगाच दुखावतो.

स्वीडिश पोरगा ट्रेनमध्ये आपल्याशेजारी बसणार नाही, दुसरीकडे जागा रिकामी असेल तर तिकडे जाईल. आपल्याला वाटतं, टाळतोय. त्याच्या मते तो आपल्याला मोकळी जागा देतोय. बोलता बोलता मध्येच शांतता पसरली तर आपण घाबरून विषय काढतो. तो शांतपणे कॉफी पीत राहतो. येतो म्हटलं की तो येतो, आणि जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हणतो. आपल्याकडे "बघतो, जमवतो" म्हणून वेळ मारून नेण्याची रीत आहे. ती त्याला कळतच नाही. त्याच्या नकारात राग नसतो आणि आपल्या होकारात खात्री नसते, एवढं दोघांनी ओळखलं की अर्धे गैरसमज मिटतात.

दुसरी गोष्ट मानपानाची. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस माणसांनी एकमेकांना पदव्या आणि आदरार्थी संबोधनं लावणं जवळजवळ सोडून दिलं. विद्यार्थी प्राध्यापकाला नावाने हाक मारतो, कामगार मालकाला. आपल्याकडे पोरगं 'सर', 'मॅडम', 'काका', 'भाऊ' यांच्याशिवाय वाक्य सुरू करत नाही. त्यामुळे पहिले दोन दिवस आपली पोरं गोंधळतात. प्रशिक्षकाला नुसतं नावाने कसं बोलवायचं? मग सवय होते, आणि त्या सवयीत एक मोकळेपणा येतो जो इकडे परत आल्यावर जपून वापरावा लागतो.

तिसरी गोष्ट वरठीकरांना लगेच कळेल. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आक्सेल सांडेमोसे या लेखकाने १९३३ साली नॉर्वेजियनमध्ये एक कादंबरी लिहिली. त्यात यांते नावाच्या काल्पनिक गावाचे दहा नियम आहेत. सगळ्यांचं सार एकच: तू कोणी विशेष आहेस असं समजू नकोस. 'यांतेचा कायदा' म्हणून ते नियम तिथे आजही घरोघरी माहीत आहेत. आपल्या गावात पोराने नवी गाडी घेतली की चौकात कोणीतरी विचारतंच, "लय मोठा झाला का बे?" कायदा तोच, फक्त आपण तो लिहून ठेवला नाही. म्हणून तिथल्या पोरांसमोर फुशारकी मारून काही साधत नाही. आपण काय कमावतो, घर केवढं आहे, हे सांगितलं की ती आणखी गप्प होतात. आपल्याला काय येत नाही ते सांगितलं की बोलायला लागतात.

बाकी सारखेपणा पुष्कळ आहे. घरात शिरताना ती माणसं जोडे दाराशीच काढतात. आणि भाताची गोष्ट तर भंडाऱ्याच्या माणसाने आवर्जून सांगावी. धान पिकवण्याची परंपरा नसलेल्या डेन्मार्कमध्ये नाताळच्या रात्री भाताचा गोड पदार्थ हवाच. त्यात एक अख्खा बदाम लपवतात. ज्याच्या वाट्याला येईल त्याला बक्षीस. ज्या जिल्ह्यात भाताशिवाय जेवण झालं असं मानत नाहीत, तिथल्या पोराला गप्पा सुरू करायला यापेक्षा चांगला विषय कोणता?

इंग्रजीची भीती तर सोडूनच द्यावी. डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन माणसं एकमेकांची भाषा थोडीफार समजतात, पण परक्याशी बोलताना इंग्रजीच घेतात. ते इंग्रजी त्यांनीही शाळेतच शिकलेलं असतं. त्यांचं चांगलं आहे, आपलं मोडकं आहे. तरी ते दोघांपैकी कोणाच्याही आईचं नाही.

तंबूतले शेजारी

फुटबॉल सगळ्यांनाच येत नाही. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आणखी एक जुना रस्ता आहे, आणि तो वरठीच्या स्टेशनातूनच जातो. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेत राज्यांप्रमाणे रेल्वेचेही स्वतंत्र विभाग आहेत. भंडारा रोड स्टेशन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं. म्हणजे रेल्वे कर्मचाऱ्याच्या पोराला हा रस्ता घरातूनच सुरू होतो. बाकीच्यांसाठी शाळेतलं स्काऊट पथक आहे, ज्याच्याकडे आपण फक्त १५ ऑगस्टच्या संचलनापुरतं बघतो.

स्काऊटच्या जागतिक मेळाव्याला जांबोरी म्हणतात. १९२४ साली दुसरी जांबोरी कोपनहेगनजवळ भरली. १९७५ साली नॉर्वेतल्या लिलेहामरला भरली तेव्हा डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी मिळून यजमानपद घेतलं. बोधवाक्य होतं: पाच बोटं, एक हात. २०११ साली दक्षिण स्वीडनमधल्या रिंकाबीच्या माळावर चाळीस हजारांच्या आसपास पोरं-पोरी तंबू ठोकून राहिली.

तंबूत राहण्याचा फायदा असा, की शेजारी निवडता येत नाही. पाऊस आला की दोघांच्याही तंबूत पाणी शिरतं. दोरी आपल्याकडे नसली तर शेजारच्या डॅनिश पथकाकडे मागावी लागते. चूल पेटत नसेल तर कोणीतरी वाकून फुंकर घालतंच. बिल्ले आणि स्कार्फ यांची अदलाबदल ही तिथली रूढी. ज्याच्याकडे देण्यासारखं काही आहे तो कोणाशीही बोलायला जाऊ शकतो. लाजऱ्या पोरासाठी याहून सोपी ओळख नाही.

रोटरीची युवा देवाणघेवाणही याच जातीची. पंधरा ते एकोणीस वयाची पोरं परदेशात स्थानिक कुटुंबात राहतात, तिथल्या शाळेत जातात. त्यात गट नसतो, पण भांडी घासायची पाळी असते.

परीक्षा नसलेलं वर्ष

स्कँडिनेव्हियातली तरुण मंडळी टोळीने जगभर हिंडताना दिसतात, त्यामागे एक संस्था आहे. डेन्मार्कचे धर्मोपदेशक आणि कवी ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ साली रोडिंग या गावात पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांच्या पोरांनी एकत्र राहावं, शिकावं, गावं, वाद घालावेत. परीक्षा नको, गुण नकोत. पुढे नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्येही तशा शाळा पसरल्या. डेन्मार्क आणि नॉर्वेत आजही कितीतरी पोरं शालेय शिक्षण संपवून पुढचं शिक्षण घेण्याआधी काही महिने अशा निवासी शाळेत घालवतात. परदेशी अभ्याससहल हा त्यातल्या अनेक शाळांचा भागच असतो. १९२१ साली पीटर मानिके यांनी हेलसिंगोर इथे इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज काढलं. पहिल्या महायुद्धानंतर निरनिराळ्या देशांच्या तरुणांनी एका छपराखाली राहावं, हा त्यामागचा हेतू. ते आजही चालू आहे आणि जगभरातल्या विद्यार्थ्यांना घेतं.

वरठीतल्या बारावी झालेल्या पोराला हे सांगितलं तर तो हसेल. त्याच्यासमोर नीट असते, पोलीस भरती असते, आयटीआय असतं. एक वर्ष परीक्षेशिवाय घालवलं तर शेजारी म्हणतील, वर्ष वाया गेलं. त्याचं हसणं चूक नाही. ज्या देशात पडणाऱ्याला झेलायला सरकार आहे, तिथल्या पोरांना वर्षभर थांबणं परवडतं. पण मैत्रीच्या वेळी हा फरक ध्यानात ठेवावा. समोरचा विशीतला पोरगा बेफिकीर दिसतो, कारण त्याला कोणी घाई केलेली नाही. आणि आपला पोरगा घाईत दिसतो, कारण घरी बहिणीचं लग्न आहे. एकमेकांना हे सांगितलं की दोघांनाही नवं काही कळतं.

ते इकडे येतात तेव्हा

ही मैत्री फक्त तिकडे जाऊनच होते असं नाही. १९५०च्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी स्वयंसेवक वरोऱ्याजवळच्या आनंदवनात आले आणि बाबा आमटे यांच्या कुष्ठमुक्त सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विटा उचलल्या, भिंती बांधल्या. ज्या माणसांना गावाने वाळीत टाकलं होतं, त्यांच्या खांद्याला खांदा लावून परदेशी पोरं काम करतात, हे लोकांनी पाहिलं. पुढे बाबांच्याच सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना उन्हाळ्यात घाम गाळून दोस्ती करायला शिकवलं. त्यात कोणी भाषण देऊन मैत्री करा असं सांगितलं नव्हतं. फावडं दिलं होतं.

आपल्या झाडीपट्टीत तर परक्याला सामावून घेण्याची तयार रीतच आहे. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दंडार रंगते, रात्रभर नाटक चालतं, आणि त्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्याला कोण, कुठला, असं न विचारता जेवायला बसवतात. नॉर्वेचा एखादा पोरगा नागपूरला आला तर त्याला ताडोबातला वाघ दाखवायला नेणारे पुष्कळ आहेत. त्याला मंडईच्या दिवशी गावात आणावं, मंडप बांधायला बांबू धरायला लावावं, पंगतीत वाढायला उभं करावं. पाहुणा म्हणून खुर्चीवर बसवलं तर तो फोटो काढून जाईल. वाढपी केलं तर नाव विचारील.

काय करता येईल

या सगळ्यात भाबडेपणा नको. आठवड्याच्या स्पर्धेने कोणाचं घर उभं राहत नाही. परत आल्यावर तीच वस्ती, तेच पाणी, तीच रोजी. परदेशी मित्राचे मेसेज सुरुवातीला रोज येतात, मग नाताळला, मग कधीतरी. त्याने उत्तर दिलं नाही म्हणून तो विसरला असं नाही. त्याच्याकडे वरचेवर चौकशी करण्याची चाल नाही. आणि परदेशी मित्र हा चौकात दाखवण्याचा बिल्लाही नव्हे. स्लम सॉकरचं खरं यश पोरं विमानात बसली यात नाही. खेळून आलेल्यांतले काही पुढे प्रशिक्षक झाले आणि वस्तीतल्या दुसऱ्या पोरांना शिकवायला लागले, यात आहे.

तरी वाट उघडी राहायला हवी, आणि ती कागदांपाशी अडते. 'झुंड'मध्ये पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा जमवताना होणारी फरफट दाखवली आहे, ती भंडारा-गोंदियातल्या अनेक घरांची गोष्ट आहे. जन्माचा दाखला नाही, शाळेच्या दाखल्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं. निवड झाल्यावर हे दुरुस्त करायला वेळ उरत नाही. म्हणून वरठी-मोहाडीतल्या आई-बापांना आणि मास्तरांना एवढंच सांगणं आहे: पोरगं दहावीत असतानाच त्याच्या सगळ्या कागदांवरचं नाव एक करून घ्या. अठरा झाल्यावर पासपोर्ट काढून ठेवा, जायचं नक्की नसलं तरी. शाळेतलं स्काऊट पथक कागदावर असेल तर ते मैदानावर आणा. गावात फुटबॉल नसेल तर एक चेंडू घ्या.

आणि परदेशी सहलीला जाणाऱ्या मोठ्यांनी पुढच्या वेळी कार्यक्रमपत्रिका हातात पडली की टूर मॅनेजरला एक प्रश्न जरूर विचारावा: या पंधरा दिवसांत तिथल्या माणसांबरोबर आम्ही करायचं असं काही काम आहे का? नसेल, तर एक दिवस मोकळा मागून घ्या.